गरम इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?

सकाळी पहिल्या चावीला सुरू झालेली पेट्रोल मोटार पुणे-नाशिक महामार्गावरील कोंडीतून वाट काढत चाकणला पोहोचते. तळेगाव चौकाजवळ ती दहा मिनिटे बंद ठेवली जाते आणि निघताना काही केल्या सुरू होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मात्र तीच मोटार विनातक्रार धावू लागते. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीच्या माथी मारला जातो आणि नवी बॅटरी बसवूनही तक्रार कायम राहते. थंड असताना सुरू होणारे व तापल्यावर अडणारे इंजिन हा वेगळा विकार असून त्याचे निदान क्रमानेच करावे लागते.

बंद केल्यावर वाढणारी उष्णता

इंजिन थांबताच पाणी फिरवणारा पंप व समोरून येणारा वाराही थांबतो. त्यामुळे बॉनेटखालील उष्णता काही काळ उलट वाढते. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या मोटारींत या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि घाटात चालक पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवत. आजच्या इंजेक्शनच्या मोटारींत पेट्रोल दाबाखाली असल्याने असे क्वचितच घडते. येथे कारणे निराळी असतात.

प्रथम पाहावे : सेल्फ फिरतो का?

चावी फिरवल्यावर केवळ 'टक्' असा आवाज आला किंवा सेल्फ मंद फिरला, तर बॅटरी, तिची टोके, अर्थिंगची केबल व स्टार्टर तपासावेत. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो; सेल्फ मारताना तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी उत्तम असूनही सेल्फ फक्त तापल्यावरच अडत असेल, तर स्टार्टरचाच संशय घ्यावा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

चावी 'ऑन' करताच बहुतेक मोटारींत मागील बाजूने इंधन पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती आली नाही, तर फ्यूज, रिले व पंप पाहावा. चावी दोन-तीनदा 'ऑन-ऑफ' केल्यावर इंजिन सुरू होत असेल, तर थांबलेल्या अवस्थेत इंधनाचा दाब गळत असण्याची शक्यता असते.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा मुळीच हलत नसेल, तर क्रँक सेन्सर तापल्यावर निकामी होत असावा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर तापमान सेन्सर इंजिन थंड असल्याचे चुकीचे कळवत असावा किंवा इंजेक्टर गळत असावा. अशा वेळी अनेक मोटारींत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास जादा इंधन थांबते. डॅशबोर्डवरील इमोबिलायझरचा दिवाही पाहून घ्यावा.

स्कॅनर काय सांगतो?

एप्रिल २०१३ पासून बीएस-४ मोटारींना ओबीडी-२ ही स्वयंनिदान प्रणाली बंधनकारक झाली. स्कॅनर जोडल्यावर नोंदलेला दोष दिसतो. मात्र तो बहुधा बिघडलेल्या सर्किटकडे बोट दाखवतो, विशिष्ट सुट्या भागाकडे नव्हे. तारा व जोडण्या न तपासता भाग बदलणे म्हणजे खर्चाला निमंत्रण होय. तक्रार गरम असतानाचीच असल्याने मोटार तापलेल्या स्थितीतच कारागिराला दाखवावी.

सेल्फ सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

ही तक्रार किरकोळ समजून पुढे ढकलणे धोक्याचे आहे. आज थांब्यावर अडवणारा क्रँक सेन्सर उद्या चालत्या मोटारीचे इंजिन बंद पाडू शकतो. तेव्हा स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही जड होतात आणि चाकण पट्ट्यातील रस्त्यावर मागे बहुधा मालाने भरलेला कंटेनर असतो.