अपपाठ आणि औषध

पोथी नकलून घेताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकते आणि अपपाठ जन्माला येतो, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला सांगायला नको. जीवाणूच्या पेशीत असा अपपाठ घडवणारे औषध मात्र, त्याचे कार्य उमगण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या हाती आले.

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतील सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयरोगावर गुणकारी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक. १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले. या औषधामुळे जीवाणूचा रायबोसोम आरएनएतील संदेश चुकीचा वाचतो, हे १९६४ मध्ये दिसून आले. ते रायबोसोमच्या आरएनएला नेमके कोठे बिलगते, याचे चित्र वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले.

मग आरएनएला लक्ष्य करणारी लहान रेणूंची औषधे इतकी थोडी का? प्रथिनांची अक्षरे वीस. त्यांच्या घडणीत खोल, परस्परांहून वेगळ्या खोबणी तयार होतात आणि औषधाचा रेणू त्यांत नेमका बसतो. आरएनएची अक्षरे चारच. त्याचा कणा ऋणभारित, घडी अस्थिर, आणि तीच ती वळणे असंख्य रेणूंत पुन्हा पुन्हा येणारी. धनभारित रेणू त्याला सहज चिकटतो. पण मग तो कोणत्याही आरएनएला चिकटू शकतो.

ही ओळख चुकली की काय होते, याचा दाखला स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातील औषधांनी दिला. त्यांच्यामुळे काही रुग्णांना बहिरेपण आले. काही कुटुंबांत त्यामागे मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोमी आरएनएतील एका अक्षराचा बदल असल्याचे १९९३ मध्ये आढळले. या पाठभेदामुळे मानवी आरएनए जीवाणूच्या आरएनएसारखा होतो आणि औषध फसते.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आनुवंशिक आजारावरील रिस्डिप्लामला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. एसएमएन-२ जनुकात मुख्यतः एका अक्षराच्या फरकामुळे आरएनएची जुळणी होताना एक तुकडा गळतो. हे औषध तो राखून ठेवण्यास मदत करते. त्याचे पूर्वसूरी रेणूही असंख्य संयुगे पडताळूनच सापडले होते. कार्याचा उलगडा पुढे झाला.

म्हणजे दोन्ही वेळा गुण आधी आला आणि वाचन मागाहून. आधी वाचून मग रेणू घडवायचा, हे या क्षेत्रापुढचे खरे आव्हान आहे. आणि एका अक्षराने काय काय बदलते, हे लक्षात घेता ते वाचन काटेकोर असण्यावाचून गत्यंतर नाही.