आकड्यांत दडलेली दुखणी : लहान पेट्रोल इंजिनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

796 घन सेंटीमीटर, तीन सिलिंडर, बोअर 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक 72 मिलिमीटर, कॉम्प्रेशन 8.7 ला 1. कार्बोरेटरवाल्या मारुती 800 च्या इंजिनाची पत्रिका एवढ्या एका ओळीत मावते. गाडी घेताना ती कोणी वाचत नाही. घेणारा ‘ॲव्हरेज किती?’ विचारतो, विकणारा तेवढेच सांगतो. पुढे कधी गाडी रस्त्यात उभी राहिली की मिस्त्रीला विचारायचे, ‘इंजिनात काय झाले?’ माझे म्हणणे असे, की या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ओळीतच लिहिलेले असते. मोजमापे वर्गात शिकवली जातात, दुखणी गॅरेजात, आणि दोघांची भेट घालून द्यायला कोणी नसते. वर्गातल्या मुलाला 8.7 पाठ असतो, पण खडखड ऐकून तो आठवत नाही. गॅरेजातल्या पोराला खडखड कळते, पण आकडा कशाशी खातात ते माहीत नसते.

‘तीन’ हाच आकडा घ्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, एकदा पेटतो. तीन सिलिंडर असले की दर 240 अंशांनी एक स्फोट. पण पेटलेला पिस्टन खाली पोचतो तो 180 अंशांत. म्हणजे मधले निदान 60 अंश क्रँकला कोणीच ढकलत नाही. फ्लायव्हील जुन्या पुण्याईवर फिरत राहते. चार सिलिंडरच्या गाडीत ही पोकळी नसते. लहान गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते ती यामुळेही. हा तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे. रोग कधी? ती थरथर पोटात घेणारे रबरी माउंटिंग चिरले आणि स्टीअरिंगसकट सगळी गाडी हलू लागली, तर. माउंटिंग बदलायच्या कामासाठी कार्बोरेटर तीनदा खोलून धुतलेला मी पाहिला आहे.

त्याच ‘तीन’मुळे एक प्लग मेला तर ताकद तिसऱ्या हिश्शाने जाते, चारवालीची चौथ्या हिश्शाने गेली असती. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असे इंजिन सेकंदाला 75 ठिणग्या मागते, त्यातल्या 25 गायब झाल्या की ‘मिसिंग’ पाठीच्या कण्याला कळते. प्लग काढले की फेकू नका, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने बॉनेटवर वर्तमानपत्राच्या कागदावर मांडा. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर तो सिलिंडर सुखी आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. ओला, तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील. पांढरा फटक असेल तर हवा जास्त किंवा उष्णता जास्त. तिन्ही सारखेच काळे आणि एकटाच काळा यांतला फरक तर फार मोलाचा: पहिल्यात दोष सगळ्यांना वाटून देणाऱ्या कार्बोरेटरकडे, दुसऱ्यात त्या एका घरात.

ही गाडी आली कुठून, याचा इतिहास इथे दोन ओळींत पुरे. ती येईपर्यंत रस्त्यावर राज्य होते ते अँबॅसिडरच्या 1489 सीसीचे आणि वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभारलेल्या कंपनीच्या, कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीच्या 1089 सीसीचे. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली आणि 18 जानेवारी 2014 रोजी या नावाची शेवटची गाडी कारखान्यातून निघाली. फियाटवर, म्हणजेच पद्मिनीवर, हात बसलेल्या मिस्त्र्यांना नवे इंजिन खेळण्यासारखे वाटले. पद्मिनीत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तो फिरवायला साखळी. मारुतीत कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आणि तो फिरवायला दातेरी रबरी पट्टा. साखळी जाण्याआधी महिनाभर खळखळते, तक्रार करते. पट्टा काही न बोलता तुटतो. म्हणून साखळी कानाने सांभाळता येते, टायमिंग बेल्ट मात्र किलोमीटरच्या वहीनेच.

आता आमच्या गावाकडे, भैंशाकडे येतो. ते निजामाच्या राज्यात होते, 1956 नंतर आंध्रात आले, 2014 पासून तेलंगणात. कल्याणहून निर्मलला जाणारा महामार्ग नांदेड, भोकर करत इथूनच जातो. त्यामुळे गॅरेजात भाषा तीन: हिशेब तेलुगूत, निदान दखनीत, आणि कुरकुर मराठीत. सुटे भाग मात्र चौथ्याच भाषेत बोलावले जातात. पाण्याच्या पंपाला ‘वॉटर बॉडी’ म्हणायचे, स्टार्टरला ‘सेल्फ’. इंजिन ‘खोलायचे’ आणि ‘बांधायचे’. आणि रिंगा-व्हॉल्व्हपुरते काम असेल तर ते ‘हाफ इंजिन’. मराठी परिभाषेत पिस्टनला दट्ट्या आणि व्हॉल्व्हला झडप असे चांगले शब्द आहेत, त्यांचा मला आदर आहे. पण दुकानात जाऊन दट्ट्याच्या रिंगा मागितल्या तर काउंटरवरचा मुलगा आधी माझ्याकडे आणि मग शेजारच्या दवाखान्याकडे बघेल. म्हणून इथे गॅरेजचेच शब्द ठेवले आहेत.

या विषयाकडे मी वळलो ते स्वतःच्या चुकीमुळे. घरी जुनी घेतलेली तीन सिलिंडरची गाडी होती. दोन वर्षे मी तिच्या रेडिएटरमध्ये घरच्या बोअरवेलचे पाणी घालत होतो; कूलंटचे पैसे वाचवले याचा अभिमानही होता. मे महिन्यात नांदेडला जाताना भोकरच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मी गाडी थांबवली आणि घाई करून, इंजिन तसेच तापलेले असताना, माठातले गार पाणी ओतले. पुढचे आमच्या मिस्त्रीचाचांनी पाहिले. त्यांनी तेलाचे झाकण उघडून आतली बाजू माझ्यापुढे धरली. तिथे दुधाळ चहासारखा फेस होता, म्हणजे पाणी तेलात उतरले होते. मग ते एवढेच म्हणाले, ‘सर, पानी कौन-सा डालते तुम?’ रेडिएटरच्या नळ्यांत चहाच्या भांड्याच्या तळाला बसतो तसा पांढरा थर होता, आणि बाहेरच्या पात्यांवर जिनिंगच्या बाजूने ये-जा करून साठलेली कापसाची पिंज. आत क्षार, बाहेर कापूस. वाऱ्याला आणि पाण्याला दोघांनाही वाट नव्हती.

अशा इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरते. ते हेड लोखंडी बोल्टांनी जखडलेले असते, एक भाग तापलेला आणि एकावर गार पाणी, मग ते वाकते, गॅस्केट जाते. हेडवर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का पाहायचे. माझ्या हेडखालून चांगली फट दिसली. त्याला ‘फेस मारून’, म्हणजे तळ घासून सपाट करून, आणला. आधीच्या मालकानेही एकदा मारलेला होता, हे नंतर कळले. गाडी चालू झाली, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये खडखड येऊ लागली.

इथे सुरुवातीची ती ओळ पुन्हा वाचायची. एका सिलिंडरात पिस्टन खालीवर होतो ती जागा 265 घन सेंटीमीटर. कॉम्प्रेशन 8.7 म्हणजे पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा, म्हणजे ज्वलनकक्ष, साधारण 34.5. दोन्ही वेळचे मिळून हेड अर्धा मिलिमीटर घासले गेले आणि कक्षाचे तोंड बोअरएवढेच धरले, तर त्या जागेतले सुमारे 1.8 गेले. राहिले 32.6 च्या आसपास, आणि कॉम्प्रेशन 8.7 चे 9.1 झाले. एवढ्यानेच खडखड येते असे नव्हे. पण आमच्या मेमधली हवा, कक्षात साचलेला कार्बन आणि ठिणगीचे जरासे पुढे सरकलेले टायमिंग यांची साथ मिळाली की मिश्रण ठिणगीने पेटल्यावर उरलेला कोपरा आपणहून भडकतो, तोच तो आवाज. टायमिंग थोडे मागे घेतले, कार्बन खरवडला, आवाज गेला. थोडा पिकअपही गेला.

इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट गरम प्रदेशात काढून टाकायची पद्धत आहे, तिच्याशी मी सहमत नाही. मे निभावतो, पण आदिलाबाद भागातला डिसेंबर तेलंगणात थंडीसाठी ओळखला जातो. इंजिन नीट तापत नाही, चोक ओढलेला राहतो आणि जादा पेट्रोल बोअरवरचे तेल धुऊन नेते. मग रिंगा झिजतात, गाडी तेल खाऊ लागते. तेलाचेही आकड्यातच आहे. लहान इंजिनाच्या टाकीत तेल जेमतेम तीन लिटर, म्हणजे अर्धा लिटर कमी झाले तर सहावा हिस्सा गेला. सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सील. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येत असेल तर रिंगा. हा भेद ठाऊक नसल्याने सील बदलायच्या पैशांत हाफ इंजिन होऊन जाते.

मायलेजबद्दल थोडक्यात. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. तो ठरलेल्या चक्रात, रोलरवर गाडी चालवून मोजलेला असतो; पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची 1966 सालची ए.आर.ए.आय. ही संस्था हे काम करते. रोलरवर म्हशी आडव्या येत नाहीत. त्यात आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे हिशेबाने सहा-सात टक्के फटका ठरलेलाच. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत याहून मोठी काळजी रबरी नळ्यांची: त्या फुगतात, चिरतात, आणि पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये. कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या एमपीएफआय इंजिनांची दुखणी बहुतेक सेन्सरची, वायरिंगची आणि टाकीतल्या पंपाची. तो पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो, त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी चालवणारे त्याला भाजून काढतात.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. दहा, बारा आणि चौदाचे पाने, प्लगपाना, फीलर गेज, एक पोलादी पट्टी, जुने वर्तमानपत्र आणि किलोमीटर लिहायची वही. पहिल्या दिवशी काही खोलू नका. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा, तेलाच्या झाकणाची आतली बाजू पाहा, रेडिएटरचे झाकण गार असतानाच काढून पाण्याचा रंग पाहा, आणि जे दिसले ते तारखेसह वहीत उतरवा.