गाडीतलं ‘एआय’ नेमकं कुठे असतं?

ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही७०० आली आणि ‘अ‍ॅडास’, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा, हा शब्द आपल्याकडे बराच ऐकू येऊ लागला. त्यावर हमखास येणारा प्रश्न असा: हे एआय आहे का? हो-नाही म्हणण्याआधी जरा इतिहास बघू.

१९५८ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत ठरवलेला वेग कायम राखणारी सोय आली. कंपनीने तिचं नाव ठेवलं ‘ऑटो-पायलट’! एआय हे नाव घेऊन डार्टमथची परिषद भरली ती त्याआधी दोनच वर्षं, १९५६ मध्ये. पण वेग कमी झाला की इंजिनाला जोर द्यायचा, वाढला की कमी करायचा, हे काम नियंत्रण अभियांत्रिकीचं. १९७८ मध्ये बॉशने बाजारात आणलेलं एबीएस इलेक्ट्रॉनिक होतं, तरी ब्रेक कधी सैल करायचा हे माणसाने लिहून दिलेल्या नियमांनीच ठरत होतं.

दुसरं घराणं वेगळं आहे. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डीन पॉमरलो यांनी ‘अ‍ॅल्विन’ या न्यूरल नेटवर्कला नियम लिहून दिले नाहीत. रस्त्याची चित्रं दाखवून स्टिअरिंग किती वळवायचं ते शिकवलं. आजच्या गाडीतला कॅमेरा माणूस किंवा दुचाकी ओळखतो, तो याच घराण्यातला.

आज एकाच गाडीत दोन्ही घराणी नांदतात. समोर काय आहे हे ओळखणं बहुतेकदा एआय. ब्रेक किती दाबायचा, हे बहुतेकदा जुनं नियंत्रण. म्हणून ‘गाडीत एआय आहे का?’ यापेक्षा ‘कुठल्या भागात आहे?’ असं विचारा.

याने काय फरक पडतो? ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. समजा, तिथून उतरून एखादी गाडी रात्री डोळखांबकडे निघाली. समोर पुसट पट्टे, रस्त्यात बसलेली गुरं, बिनदिव्याची सायकल. नियमात चूक असेल तर ती नियम वाचून सापडू शकते. शिकलेल्या भागाबाबत मात्र विचारावं लागतं, याला शिकवताना रात्रीची गुरं दाखवली होती का? स्टिअरिंगवरच्या माणसाने किती विसंबायचं, ते या उत्तरावर ठरतं.

तेव्हा प्रस्तावात ‘एआय’ लिहिलंत, की पुढे दोन गोष्टी लिहाच: कोणता घटक, आणि तो कशावरून शिकला. बहुतेक गाइड पहिल्यांदा तेच विचारतात.