पिक्चर आणि बाहेर खाणं : एका संध्याकाळची कुळकथा

भोपाळच्या चार इमलीत मंत्र्यांचे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे सरकारी बंगले आहेत, दाट झाडी आहे, जवळच एकांत पार्क आहे. टॉकीज मात्र नाही. नवा पिक्चर लागला की इथल्या माणसाला बाहेर पडावंच लागतं. पूर्वी न्यू मार्केटच्या रंगमहलला किंवा एमपी नगरच्या ज्योतीला जायचं, आता डीबी मॉलला. आणि पिक्चर सुटल्यावर घरी येऊन कोणी पिठलं टाकत नाही. बाहेरच डोसा, छोले, चायनीज, मग आइस्क्रीम, आणि दहाच्या सुमारास घर. भोपाळच्या मराठी घरांत ही जोडी इतकी मुरली आहे की ती कुठून आली हे कोणी विचारत नाही.

तिची दोन अंगं वेगवेगळ्या कुळांतून आली आहेत. तमाशा, नाटक, कीर्तन रात्र-रात्र बघणं आपल्याकडे जुनंच. पण परक्याच्या हातचं, परक्याच्या पंक्तीला, पैसे मोजून खाणं ही मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी मध्यमवर्गात चोरून करायची गोष्ट होती.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. समोर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात ठेवली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात जातिबहिष्काराचा वाद, म्हणजे ग्रामण्य, उभं राहिलं. त्या यादीत महादेव गोविंद रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताचा निवाडा झाला. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या रानड्यांनाही अखेर एका कप चहापायी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आज शनिवारी संध्याकाळी बाहेर काय खायचं यावर घरात वाद होतो तो फक्त चवीचा. तिथवर येण्यासाठी केवढी चढण चढावी लागली हे पाहायचं तर सुरुवात या चहापासून करावी लागते.

मला मात्र पंचहौदपेक्षा कोल्हापूरचा चहा अधिक महत्त्वाचा वाटतो. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांनी १९२० च्या आसपास कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा खुद्द शाहू महाराज आपली गाडी तिथे थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. पंचहौदचा वाद कोणाकडे चहा प्यावा, एवढ्याचाच होता. चहा कोणी विकावा आणि कोणाला टेबलाशी बसता यावं, हा त्याहून खोलचा प्रश्न कोल्हापुरात सोडवायला घेतला गेला. त्या काळी खानावळींवर जातीच्या पाट्या असत. दलित गिऱ्हाइकाला चहा मिळालाच तर दाराबाहेर, वेगळ्या कपात. बाहेर खाण्याच्या हौसेची गोष्ट सांगताना हा वेगळा कप वगळला तर ती गोष्ट अर्धीसुद्धा होत नाही.

सिनेमाची वाट त्या मानाने सोपी गेली. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला, तिकीट १ रुपया. आठवड्यातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि थोड्याच दिवसांत दर ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत ठरले. त्या खेळांच्या जाहिरातींमधली एक गोष्ट फार बोलकी आहे. पडदानशीन स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिथे राखीव बॉक्स ठेवलेले होते. सिनेमा या देशात आला त्याच महिन्यात त्याच्या मालकांना उमगलं की बायका आल्या तर घर येतं. पुढे बायकांसाठी वेगळी बाकं, वेगळी तिकीटखिडकी असा प्रवास होत होत बाई बाल्कनीत नवऱ्याशेजारी बसू लागली. खाण्याच्या बाजूला हेच काम इराण्याच्या आणि उडप्याच्या हॉटेलातल्या ‘फॅमिली रूम’ने केलं. लाकडी आडोसा, दाराला पडदा, आत चार खुर्च्या. आज ती खोली कोंदट वाटेल. पण ज्या बाईनं जन्मात स्वयंपाकघराबाहेर पान मांडलं नव्हतं, तिला त्या पडद्याआड पहिल्यांदा कोणीतरी दुसऱ्यानं वाढलं. पिक्चर आणि बाहेर खाण्याच्या संध्याकाळचा खरा आनंद मला इथे दिसतो. पुरुष चहा प्यायला पूर्वीही बाहेर जातच होते.

नवा पिक्चर कोणत्या वारी लागायचा, हेही पाहण्यासारखं आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला लागला, तो शनिवार होता. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला, तोही शनिवार. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ चा, पुन्हा शनिवार. शनिवारी कचेऱ्या अर्ध्या दिवसाच्या असत, तेव्हा हा वार सोयीचाच. पुढे ‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० ला आला तो शुक्रवारी, ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला आला तोही शुक्रवारीच. शुक्रवारची घडी बसली आणि शनिवार-रविवार जाणाऱ्यांचे झाले. आधी गेलेल्यांनी शेजाऱ्यांना ‘बघण्यासारखा आहे’ किंवा ‘पैसे फुकट’ असं सांगायला मध्ये एक दिवस मिळू लागला.

पिक्चर आणि बाहेर खाणं या दोन्ही कुळांची गाठ भारताच्या राज्यघटनेत पडते. हे मी अलंकारानं म्हणत नाही. घटनेचं १५ वं कलम काढून पाहावं. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही कुठे अडवता येणार नाही, याची यादी तिथे दिली आहे आणि तिच्या पहिल्याच ओळीत दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं अशी चार नावं येतात. उपाहारगृह आणि करमणुकीची जागा एका दमात. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थानं घ्यावा, पैसे घेऊन सेवा देणारी कोणतीही जागा त्यात येते, असं सांगितलं. पुढे अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम जून १९५५ पासून लागू झाला आणि त्यात उपाहारगृहातली भांडी वापरण्याचा हक्कही स्पष्ट लिहिला गेला. वेगळ्या कपावर कायद्याचं बोट पडलं ते इथे.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्षानं, १ नोव्हेंबर १९५६ ला, नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला, सचिवालय भोपाळला आलं. त्याबरोबर नागपूरची मराठी कर्मचारी मंडळी आली. मध्य भारतही याच राज्यात विलीन झाला, म्हणून ग्वाल्हेर-इंदूरकडची, शिंदे-होळकरांच्या काळापासून तिकडे रुजलेली मराठी घराणीही इथे पोचली. नवाबांच्या शहराला एवढ्या लोकांना पुरेशी घरं नव्हती. जुन्या शहराच्या दक्षिणेला सरकारी क्वार्टरांची वस्ती उभी राहिली, तिला नाव दिलं तात्या टोपे नगर. इकडे सगळे टीटी नगरच म्हणतात. त्या वस्तीचा बाजार म्हणजे न्यू मार्केट.

इथे पिक्चर आणि खाणं ही एकच गोष्ट झाली असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण नकाशात आहे. न्यू मार्केटात रंगमहल टॉकीज होती आणि चालत जाण्याच्या अंतरावर इंडियन कॉफी हाउस होतं. सहाचा शो सुटला की माणूस आपोआप कॉफी हाउसच्या दारात. पण नकाशापेक्षा मोठं कारण बदलीचं. नागपुरात सीताबर्डीच्या किंवा महालातल्या घरी सासू होती, जाऊ होती, वाडा होता. संध्याकाळी माणसं घरी येत. भोपाळच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात नवरा, बायको आणि मुलं एवढीच. नातेवाईक रात्रभराच्या रेल्वे प्रवासापलीकडे. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार हातात आणि रविवारी कोणाकडे जावं हा प्रश्न. मग शेजारच्या क्वार्टरातलं कानडी, बंगाली किंवा छत्तीसगडी कुटुंब बरोबर घ्यायचं आणि पिक्चरला जायचं. टेबलाशी कोण कोणाशेजारी बसतं हे ठरवायला इथे वडीलधारं कोणी नव्हतं. हॉटेलं नवी, वस्ती नवी, कायदाही नवा. जुन्या पंक्ती एकदम पुसल्या गेल्या असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण त्या मांडायला इथे जुना वाडा नव्हता, हे खरं.

कॉफी हाउसची कुळीही याला साजेशी आहे. पहिलं इंडिया कॉफी हाउस १९३६ साली मुंबईत चर्चगेटला निघालं. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीनं ते काढलं होतं. पुढे कॉफी बोर्डानं ही साखळी चालवली आणि पन्नाशीच्या दशकात ती बंद करायला घेतली. नोकऱ्या जाणार म्हटल्यावर कामगार संघटित झाले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेनं त्यांनी १९५७ पासून स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. १९५८ ची जबलपूरची संस्था मध्य प्रदेशातली कॉफी हाउसं चालवते, भोपाळचंही. म्हणजे तुरेवाला फेटा घालून डोसा आणून ठेवणारा माणूस त्या जागेच्या मालकांपैकी एक असतो. सचिवालयातला कारकून आणि चार इमलीचा साहेब एकाच दराची कॉफी पितात ती या संस्थेच्या छपराखाली. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाचं नातं मी या टेबलांशी जोडतो.

ऐंशीच्या दशकात १९८२ नंतर रंगीत टीव्ही आला, दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी पिक्चर लागू लागला, व्हिडिओ आला. संध्याकाळ पुन्हा घरात शिरली. टॉकीजच्या खुर्च्या फाटल्या, पंखे बंद पडले, घरंदाज गिऱ्हाईक कमी झालं. या काळात जोडीतलं खाणं मात्र टिकलं. पिक्चर घरी, डोसा बाहेर.

१९९७ साली दिल्लीच्या साकेतमध्ये पीव्हीआर अनुपमनं एका छपराखाली चार पडद्यांचा प्रयोग केला आणि मल्टिप्लेक्सचं युग सुरू झालं. भोपाळला २०१० साली डीबी सिटी मॉल उघडला. पडदे वर, फूड कोर्टही त्याच इमारतीत. रंगमहल ते कॉफी हाउस हे चालणं संपलं, सरकते जिने आले. चार इमलीहून मॉल जवळच, गाडी लावायला जागा, उन्हाळ्यात थंडगार. मला तिथे जायला आवडतं, हे सांगायला हवं. स्वच्छ स्वच्छतागृह आणि सुरक्षित परतीची वाट असली की मुली आपल्या आपण, भाऊ-नवरा बरोबर न घेता पिक्चरला येतात. फॅमिली रूमचा पडदा इतका मागे सरला, याचा आनंद मोठा आहे.

पण मल्टिप्लेक्सनं एक गोष्ट काढून घेतली. जुन्या टॉकीजमध्ये पुढची बाकं, स्टॉल, बाल्कनी, बॉक्स असे दर असत. पुढच्या बाकांवर पडद्याला नाक लावून बसावं लागे, पण पिक्चर तोच, पहिल्या दिवशीच. साहेबाच्या बंगल्यामागच्या खोलीत राहणारा माळी आणि साहेब एकच पिक्चर एकाच आठवड्यात, एकाच छपराखाली बघू शकत. ते पुढचं स्वस्त तिकीट मॉलमध्ये राहिलं नाही. आणि खाणं हॉलच्या आत आलं, तेही मालकाच्या दरानं. बाहेरचा डबा चालेल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३ जानेवारी २०२३ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकाल दिला. चित्रपटगृह ही खाजगी मालमत्ता आहे, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा मालकाला अधिकार आहे. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट हवं आणि तान्ह्या मुलाचं खाणं आईवडिलांना आत नेता यावं. कायद्याच्या दृष्टीनं निकाल सुसंगत असेल. तरी चार जणांच्या कुटुंबाला पॉपकॉर्नचे टब तिकिटाइतके पडू लागतात तेव्हा ज्या दारावरून जातीचा पहारेकरी उठवायला साठ वर्षं लागली, तिथे दुसरा पहारेकरी बसलेला दिसतो.

जीएसटीत पिक्चरच्या तिकिटांची रेघ १०० रुपयांवर मारलेली आहे. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. सवलत आहे, पण शुक्रवारच्या नव्या पिक्चरला त्या दराची खुर्ची मॉलमध्ये सहसा सापडत नाही. प्रत्येक पडद्यासमोरच्या पहिल्या दोन रांगा सगळे दिवस, सगळे शो, १०० रुपयांच्या आत ठेवायला काय हरकत आहे? त्या रांगा तशाही बऱ्याचदा रिकाम्याच असतात. चार इमलीत ज्यांच्या सहीनं अशा अटी घालता येतात ती माणसं राहतात, आणि शनिवारी तीही याच रांगांमागे बसलेली असतात.