फळी कुठली घ्यावी?

पार्ल्यात वाऱ्याची दिशा ओळखायला छपरावर पत्र्याचा कोंबडा लावावा लागत नसे. नाक पुरत असे. १९२९ साली पूर्वेला बिस्किटांचा कारखाना निघाला आणि २०१६ साली तिथल्या भट्ट्या थंड होईपर्यंत समस्त पार्लेकरांना हवामानखात्याची सेवा फुकट मिळाली. दुपारी आमच्या गॅलरीत गोडसर खरपूस वास आला की समजावं, समुद्रावरून खारा वारा सुटला. तोच वास पहाटे पश्चिमेकडच्या मंडळींना गेला की मतलई. कुणालाच आला नाही तर वारा पडलेला, किंवा अख्ख्या गावाला सर्दी. शाळेत भूगोलाच्या बाई ‘खारे वारे व मतलई वारे यांतील फरक सांगा’ म्हणायच्या तेव्हा इतर गावांतली पोरं घोकत असतील. आम्ही नुसते हुंगून पास झालो.

हे आठवायचं कारण आमचा भाचा. वय एकतीस, वजन ब्याऐंशी किलो, नोकरी कॉम्प्युटरातली, आणि छंद म्हणजे स्वतःला पतंगाला बांधून घेऊन समुद्रात जाणे. याला काइटबोर्डिंग म्हणतात. आपण पतंग उडवतो तेव्हा निदान समजूत तरी अशी असते की पतंग आपल्या ताब्यात आहे. इथे तीही नाही. दहा-बारा चौरस मीटरचा, म्हणजे पार्ल्यातल्या एका बऱ्यापैकी खोलीएवढा पतंग. त्याच्या वीस-पंचवीस मीटरच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या. पायांखाली एक फळी. आणि मग वारा नेईल तिकडे. तिकडेच असं नाही, वाऱ्याच्या तोंडावरही तिरकं चढता येतं म्हणे.

“मामा, मंद वाऱ्यासाठी बोर्ड घ्यायचाय. कुठला घेऊ?”

आता मी जन्मभर इतिहास शिकवलेला मास्तर. मला हा प्रश्न का? तर ताईने अट घातली होती, मामा हो म्हणाला तरच घ्यायचा. मी नाही म्हणेन हा तिचा भरवसा. पण मास्तराला प्रश्न विचारला की तो आधी दोनशे वर्षं मागे जातो, एवढं बहिणीला कळायला हवं होतं.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ब्रिस्टल गावी जॉर्ज पोकॉक नावाचा असाच एक मास्तर होता. (पोरांना आपोआप छड्या मारणारं यंत्रही त्याने काढलं होतं, पण तो विषय निराळा. एखाद्या वर्गाच्या आठवणीने माझं मन त्या यंत्राकडे ओढ घेतं, म्हणून पुढे जातो.) या गृहस्थाने पतंगांनी ओढली जाणारी गाडी बनवली आणि १८२६ साली तिचं पेटंट घेतलं. तिकडे रस्त्यांवर टोल होता आणि तो घोड्यांवर आकारला जाई. पोकॉकच्या गाडीला घोडाच नाही! टोलवाल्याने पुस्तक चाळलं, पतंगाचा दर सापडेना, गाडी फुकट सुटली. टोल चुकवण्याचे इतके उपाय आपल्याकडे निघाले, पण हा कुणाला सुचला नाही.

पोकॉकचा दुसरा पराक्रम म्हणजे त्याने आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून भल्या मोठ्या पतंगाने सुमारे पावणेतीनशे फूट उंच उचललं आणि सुखरूप उतरवलं. सुखरूप हा शब्द क्रिकेटच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण पुढे १८४८ साली या मार्थाबाईंना जो मुलगा झाला तो डब्ल्यू. जी. ग्रेस. त्या दिवशी दोरी तुटली असती तर क्रिकेटची दाढीच गेली असती. ही गोष्ट मी ताईला फोनवर सांगितली. ती म्हणाली, “त्या मार्थाच्या आईला कुणी विचारलं होतं का?” इतिहासात तशी नोंद नाही.

मग सॅम्युएल कोडी. हा मूळचा अमेरिकेतला, नाटकं-तमाशे करणारा उमदा गडी. १९०३ साली त्याने पतंगाने ओढलेल्या लहानशा होडीतून इंग्लिश खाडी पार केली. होडीला पतंग बांधता येतो हे त्यामुळे सिद्ध झालं, पण एक अडचण राहिली: पतंग पाण्यात पडला की संपलं. भिजलेला पतंग पुन्हा उठत नाही, हे संक्रांतीला सार्वजनिक टाकीत पतंग घालवलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. यावर तोड काढली फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या दोघा भावांनी, ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू यांनी. १९८४ साली त्यांनी हवा भरलेल्या फुगीर कण्याच्या पतंगाचं पेटंट घेतलं. तो पाण्यावर तरंगतो आणि दोरी खेचली की पुन्हा उठतो. लोकांनी काय केलं? काही नाही. तेव्हा सगळे फळीवर शीड लावण्याच्या नादात होते. शेवटी १९९७ साली भावांनी स्वतःच तो विकायला काढला आणि मग हवाईपासून सगळीकडे झुंबड उडाली. तेरा वर्षं कपाटात पतंग ठेवून घरच्यांची बोलणी कशी ऐकली असतील, याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा.

आता तुम्ही म्हणाल, जुहू दहा मिनिटांवर असताना आमचा भाचा गोव्याला का जातो? त्याचंही उत्तर इतिहासातच आहे. १९२८ साली जुहूला विमानं उतरू लागली, आणि त्या जागेचं पहिलं नाव ‘विलेपार्ले फ्लाइंग क्लब’ होतं हे जुहूकर सोयिस्करपणे विसरतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात मैदानात पाणी साचे, मग सगळा कारभार पुण्याला हलवत. आज तिथून हेलिकॉप्टरं उडतात आणि शेजारी सांताक्रूझचा मोठा विमानतळ. मधे आमच्या भाच्याने पतंग सोडला तर काय होईल? त्यात १९३४चा विमान कायदा असा की ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत फुगे, ग्लायडर यांच्या जोडीला चक्क पतंगही होता! म्हणजे संक्रांतीला गच्चीवर चड्डी सावरत ढील देणारी आम्ही पोरं कायद्याने वैमानिक होतो, आणि फिरकी धरणारी धाकटी बहीण ग्राउंड स्टाफ. तो कायदा जाऊन २०२४चा नवा आला, पण विमानतळाभोवती पतंगांवर पोलिसांचे मनाईहुकूम अधूनमधून निघतातच. तेव्हा गोवा. मोरजी, आश्वे.

आणि इथेच मंद वाऱ्याचं दुखणं सुरू होतं. गोव्याला हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी खारा वारा येतो, पण तो बहुतेक दिवस दहा-बारा नॉटचा. दहा नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. गॅलरीत वाळत घातलेलं धोतर हलायला पुरे, ब्याऐंशी किलोचा भाचा हलायला नाही. कारण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने चालतो: वीस नॉटचा वारा दहावर आला की ओढ निम्मी होत नाही, चौथाई होते.

गच्चीवर वारा पडला की आपण काय करायचो? पातळ कागदाचा, बारीक कामटीचा हलका पतंग काढायचो आणि ठुमके देत बसायचो. भाच्याचा पहिला विचार मोठ्या पतंगाचा. पण मोठा पतंग जड, वळायला आळशी. वारा आणखी पडला की पाण्यावर बसतो तो बसतोच. खरी मेख पायांखाली आहे. फळी पाण्यात रुतून चालते तोवर सगळी ओढ पाणी ढकलण्यात जाते. ती पाण्यावर चढून सपाट घसरू लागली की अर्धं काम झालं. लांबरुंद फळी कमी वेगातच वर चढते. भाच्याकडची १३८ सेंटिमीटर लांब आणि ४१ रुंद. तो बघत होता ती १६२ बाय ४५. म्हणजे क्षेत्रफळ सव्वापटीहून थोडं जास्तच. शिवाय फळीला होडीसारखा बाक असतो, तो इथे कमी हवा. आणि कडा जितक्या सरळ तितकी ती पाण्याला धरून वाऱ्याच्या तोंडावर चढते. हे ऐकल्यावर मी म्हणालो, “अरे, मग हे दारच झालं की!” तो म्हणाला, “मामा, आम्ही त्याला दारच म्हणतो.” मला माझं ज्ञान फार आवडलं.

दाराचे तोटेही आहेत. वारा अठराच्या वर गेला की ते आवरत नाही, आणि खळबळत्या पाण्यात प्रत्येक लाट गुडघ्यात मोजून घेतं. तिसरा पर्याय फॉइलचा: फळीखाली दांडा, दांड्याला पंख, फळी पाण्याबाहेर तरंगत चालते. आठ नॉटमध्येही. २०२४च्या ऑलिंपिकला मार्सेलला तेच वापरलं, आणि तिथेही वारा इतका पडला की शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. पण फॉइलला कंबरेच्या वर पाणी हवं, शिकायला पुन्हा पहिलीपासून सुरुवात, आणि किंमत ऐकून मी पाणी मागितलं. माझ्या मते वर्षातून दोन-चार सुट्ट्यांना जाणाऱ्या माणसाने दार घ्यावं.

पण ताईची भीती वेडगळ नव्हती, हेही मी त्याला बजावलं. मंद वाऱ्याचा धोका वाऱ्यात नाही, तो थांबण्यात आहे. संध्याकाळी वारा पडतो, पतंग बसतो, आणि माणूस किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरवर फळी धरून पोहत असतो. शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असेल तर ती त्याला आत ओढते. तिथे फळी मोठी असली तर ती निदान रखडत का होईना, किनाऱ्याकडे आणते. लहान फळी आधी बुडते. म्हणजे आईच्या दृष्टीनेसुद्धा दारच बरं. अटी तीन घातल्या: सकाळच्या मतलई वाऱ्यात जायचं नाही, कारण तो समुद्राकडेच नेतो; ओहोटीला नदीच्या मुखाशी जायचं नाही; किनाऱ्यावर ओळखीचं कुणीतरी हवं.

“म्हणजे तू हो म्हणालास,” ताई म्हणाली, आणि दोन रविवार आमच्याकडे आली नाही.

तिसऱ्या रविवारी फळी आली, ती आमच्याच घरी, कारण भाच्याच्या फ्लॅटमध्ये एवढं दार मावेना. पाठोपाठ ताई आली. फळी तिने उलटीसुलटी करून पाहिली, बोटाने वाजवली, आणि म्हणाली, “हिच्यावर नाव घाला.” लग्नातल्या पातेल्यांवर घालतात तसं. किनाऱ्यावर फळी एकटीच लागली तर ती कुणाची हे कळायला हवं, यात शंका नाही. जाणती मंडळीही तसंच करतात. शेवटी तिने स्वतःच मार्कर घेतला, मुलाचं संपूर्ण नाव वडिलांच्या नावासकट लिहिलं, आणि खाली माझा फोन नंबर.