कार्डाच्या कोपऱ्यातले आकडे

परवा भाचीने मोबाईलवर माझं नाव टाकलं, बटण दाबलं आणि सगळी अक्षरं डोक्यावर उभी! आम्ही दोघं पोट धरून हसलो. म्हटलं, अगं, आम्ही हे तोंडानेच करायचो. 'च'च्या भाषेत पाण्याला 'चाणीप'.

पण मंडळी, हा खेळ नेहमी गमतीचाच नव्हता. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरं. किल्ली फक्त पंथातल्यांकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे यांना ती गवसेपर्यंत 'लीळाचरित्र' बाहेरच्यांना जवळपास बंदच होतं. गंमत म्हणजे संताजी जगनाड्यांच्या वहीवरून तुकोबांची गाथा छापली तीही याच भाव्यांनी. संताजींची समाधी आमच्या सुदुंबऱ्यातच. असो, अभिमान आवरतो.

तर आमच्या घरची गोष्ट. माळ्यावरच्या ट्रंकेत आत्याची सासरहून आलेली पोस्टकार्डं आहेत, आजोबांच्या नावाची. मजकूर ठरलेला, 'इकडील सर्व खुशाल'. कार्ड उघडंच, सासरचे वाचणार, पोस्टमन वाचणार. काही कार्डांच्या कोपऱ्यात बारीक आकडे आहेत. आम्ही इतकी वर्षं तो दुधाचा हिशेब समजत होतो.

मध्यंतरी अंकपल्लवीबद्दल वाचलं आणि चमकलो. अक्षरांचे आठ वर्ग: स्वरांचा पहिला, मग क, च, ट, त, प, य, श. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा वर्गातल्या अक्षराचा, तिसरा बाराखडीतल्या जागेचा. म्हणजे 'का' झाला 212. हेच बोटांच्या खुणांनी केलं की करपल्लवी. त्यात क वर्गासाठी हाताचं कमळ करायचं.

ट्रंक पुन्हा काढली. एका कार्डावर होतं, 651 732 557. सहावा वर्ग प, त्यातलं पाचवं म. सातव्यातलं तिसरं ल, त्याला काना. पाचव्यातलं पाचवं न, त्यावर मात्रा.

'मला ने.'

मी बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसलो. शिक्का जुलै 1964चा. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, त्या पावसाळ्यात आजोबा भाताची लावणी अर्धी टाकून आत्याला आणायला गेले होते. का, ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.