टी-नेम : एका जोडनावाची कुळकथा

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॉरी फर्थ या आखातालगतच्या बकी, पोर्टनॉकी यांसारख्या मच्छीमार गावांत माणसाच्या नावाला व आडनावाला जोडून जे तिसरे नाव लागते, त्याला ‘टी-नेम’ म्हणतात. हा शब्द ‘टू-नेम’ या जुन्या स्कॉट्स शब्दाचे स्थानिक रूप असून त्यातील पहिल्या पदाचा अर्थ ‘शिवाय, आणखी’ असा होतो. म्हणजे टी-नेम हे मुळात थट्टेचे नव्हे, तर गरजेपोटी आलेले नाव होय.

ही गरज निर्माण केली ती वडीलधाऱ्यांविषयीच्या आदराने. रूढ रीतीप्रमाणे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि तिसऱ्याला खुद्द वडिलांचे नाव ठेवीत. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, तर दुसरीला वडिलांच्या आईचे नाव मिळे. त्यामुळे चार मुलगे असलेल्या आजोबांचे नाव एकाच वेळी चार घरांत, तेही एकाच आडनावासह, नांदू लागे. मच्छीमार गावांत हा घोळ अधिकच वाढला, कारण तेथील सोयरिकी बहुधा आपसांतच जुळत. दोरीवरच्या शेकडो गळांना शिंपल्यांतील मांसाचे आमिष लावणे आणि पाठीवरच्या टोपलीतून मासळी गावोगाव विकणे ही कामे बायकांची असत, आणि लहानपणापासून त्यांत मुरलेली मुलगीच अशा संसारात उभी राहू शके. परिणामी कावी, स्मिथ, मेअर, स्लेटर अशा मोजक्या आडनावांत गावेच्या गावे सामावली. 19व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एकट्या बकीत 25 जॉर्ज कावी असल्याची नोंद आढळते. त्यांपैकी एकाला ‘गाजर’, तर दुसऱ्याला ‘सलगम’ म्हणत.

अशी नावे बापाकडून मुलाकडे वारशाने जात आणि मूळ कारण विस्मृतीत गेल्यावरही टिकून राहत. 1855 मध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली, तेव्हा निबंधकांनाही ती कंसात लिहून घ्यावी लागली. लोकव्यवहाराला दप्तराने दिलेली ही मान्यता फार मोलाची आहे.

हायलंड या डोंगराळ गेलिक भाषक प्रदेशात हाच प्रवास बराच आधी घडला होता. कॅम्पबेल म्हणजे ‘वाकड्या तोंडाचा’ आणि कॅमेरॉन म्हणजे ‘वाकड्या नाकाचा’. कोणा पूर्वजाचे हे वर्णन पुढे अख्ख्या कुळाचे आडनाव झाले. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, म्हणून मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचे वंशज; पण 1603 मध्ये राजाज्ञेने हे आडनाव लावण्यावरच बंदी आली. मध्यंतरी काही वर्षे उठलेली ही बंदी पुन्हा लागू झाल्यावर त्या कुळातील रॉबर्टने आईचे कॅम्पबेल हे आडनाव लावले. लोकांनी मात्र त्याच्या तांबड्या केसांवरून पडलेले, कोणत्याही कायद्याच्या कक्षेत न येणारे ‘रॉय’ हेच नाव चालवले. रॉब रॉय 1734 मध्ये निवर्तला. त्याच्या कुळाला स्वतःचे आडनाव कायमचे परत मिळाले ते 1774 मध्ये.